मुलाखतीचा उंबरठा

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत तांत्रिक शिक्षणाची परंपरा जुनी आहे. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाची स्थापना १९४७ सालची, कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाची १९६० सालची, तर वाळवे तालुक्यातील राजारामनगरचे महाविद्यालय १९८३ साली उभे राहिले. यांच्या जोडीला मिरज व कऱ्हाड येथील शासकीय तंत्रनिकेतने आहेत आणि ठिकठिकाणच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. जत-आटपाडीच्या कोरडवाहू रानांतून, माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातून, साखर कारखान्यांच्या वसाहतींतून मुले-मुली या संस्थांत येतात, कर्ज काढून शिकतात आणि चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होतात. एवढे सारे झाल्यावर नोकरीच्या उंबरठ्यावर, मुलाखतीच्या वीस-पंचवीस मिनिटांत, त्यांतली अनेक परत फिरतात. त्या मिनिटांचा विचार कार्यकर्त्यांनी करावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

मुलाखतीतील यश हा उपजत गुण आहे, हुशार मुलगा कोठेही चमकतोच, असा समज रूढ आहे. तो समज खोटा आहे. आपल्याला जे ठाऊक आहे ते अनोळखी माणसासमोर क्रमाने मांडणे ही एक रीत आहे, आणि कोणतीही रीत सरावानेच येते. अभियंत्याच्या घरातील मुलाला हा सराव जेवणाच्या पानावर मिळतो. वडील कारखान्यातल्या अडचणी बोलून दाखवतात, आलेगेले पाहुणे इंग्रजीत चार प्रश्न विचारतात, उत्तर चुकले तरी बिघडत नाही. शेतमजुराच्या मुलीला मात्र टेबलापलीकडून प्रश्न विचारणारा जो पहिला माणूस भेटतो, तोच मुळी तिच्या नोकरीचा निर्णय करणारा असतो. पुण्या-मुंबईत हाच सराव आता शुल्क घेऊन विकला जातो. म्हणजे ज्याच्या घरी तो आहे त्याला फुकट, ज्याच्या खिशात पैसा आहे त्याला विकत, आणि उरलेल्यांच्या नावापुढे ‘आत्मविश्वास कमी’ असा शेरा!

एक उदाहरण घेऊ. यंत्र अभियांत्रिकीच्या उमेदवाराला विचारला जाणारा एक नेहमीचा प्रश्न असा : सेंट्रिफ्यूगल पंप चालू करण्यापूर्वी ‘प्रायमिंग’ का करावे लागते? तासगाव-पलूसकडच्या शेतकऱ्याच्या मुलाने विहिरीवरच्या पंपात बादलीने पाणी ओतण्याचे काम लहानपणापासून केलेले असते. फूट व्हॉल्व्ह गळू लागला की पंपात हवा शिरते आणि मोटर नुसतीच फिरत राहते, हे त्याने पाहिलेले असते. उन्हाळ्यात पाणी खोल गेले की पंप विहिरीत खालच्या टप्प्यावर उतरवावा लागतो, हेही त्याला ठाऊक असते. पुस्तकातले शास्त्र याच अनुभवाचे आहे. पंपाचा पंखा जो दाब निर्माण करतो तो आतल्या पदार्थाच्या घनतेवर अवलंबून असतो. हवा पाण्याहून सुमारे ८०० पट हलकी, म्हणून पंपात हवा भरलेली असेल तर पाणी वर येण्याइतकी पोकळी तयार होत नाही. शिवाय पाणी वर चढते ते बाहेरच्या हवेच्या दाबाने, आणि हा दाब पाण्याचा जेमतेम १० मीटर उंचीचा स्तंभ पेलू शकतो. प्रत्यक्षात ६-७ मीटरच्या पुढे भरवसा धरता येत नाही. म्हणजे प्रश्नाचे उत्तर या मुलाला येत असते. पण मुलाखतीत तो इंग्रजी व्याख्या आठवू लागतो, तिसऱ्या शब्दाला अडखळतो आणि गप्प बसतो. विहिरीवर मिळालेले ज्ञान हेदेखील ज्ञानच आहे, असे त्याला कोणी कधी सांगितलेले नसते.

म्हणून तयारीचा पहिला धडा हा, की प्रत्येक मूलतत्त्व आपल्या पाहण्यातल्या एखाद्या वस्तूशी जोडून ठेवावे आणि ते मोठ्याने सांगून पाहावे. मनात वाचलेले तोंडातून येतेच असे नाही. आधी मराठीत सांगावे, मग त्याच क्रमाने सोप्या, आखूड इंग्रजी वाक्यांत. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारण्याची विनंती करावी. तो उमेदवाराचा हक्क आहे, त्यात कमीपणा नाही.

दुसरा धडा असा, की परीक्षकाला केवळ उत्तर नको असते, विचार कसा चालतो हे पाहायचे असते. संगणक क्षेत्रातल्या मुलाखतीत तर हे विशेष खरे आहे. समजा, नावांच्या क्रमाने लावलेल्या मतदारयादीत एक नाव शोधायचे आहे. पहिल्या पानापासून एकेक नाव तपासणे हा एक मार्ग. यादी मधोमध उघडून, हवे ते नाव आधीच्या अर्ध्यात की नंतरच्या, हे ठरवून दर वेळी निम्मी यादी बाजूला टाकणे हा दुसरा. या मार्गाने १,००० नावांत सुमारे १० पायऱ्यांत शोध संपतो, तर १० लाख नावांतही २० पायऱ्या पुरतात. हे उत्तर देताना यादी खरोखरच क्रमाने लावलेली आहे ना, हे जो आधी विचारतो, लहानशा उदाहरणावर रीत तपासून दाखवतो आणि बोलत बोलत पुढे जातो, त्याची चूक झाली तरी परीक्षक त्याला सावरून घेऊ शकतो. मौन धरणाऱ्याला कोणी सावरू शकत नाही.

तिसरा धडा प्रामाणिकपणाचा. जे येत नाही ते येत नाही म्हणावे, आणि ते शोधायचे झाल्यास कोठून सुरुवात करू, एवढे सांगावे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प चौघांनी मिळून केलेला असतो. त्यातला आपला वाटा कोणता, काय फसले, ते कसे दुरुस्त केले, हे नेमके सांगता यावे. विकत आणलेल्या प्रकल्पाचे पितळ येथे दुसऱ्या प्रश्नाला उघडे पडते.

येथवर उमेदवाराचे झाले. पण परीक्षा घेणाऱ्यांचीही परीक्षा झाली पाहिजे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असता त्यांची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियनाला देण्यात आली. पुढे याच माणसाने १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर कारखाना उभारला, तेव्हा माणसे निवडली ती काम पाहून. शिक्षण अर्धवट सुटलेले शंभूराव जांभेकर आणि अनंतराव फळणीकर तेथे कुशल अभियंते झाले. समाजाने गुन्हेगार ठरवलेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग किर्लोस्करवाडीचे विश्वासू रखवालदार झाले. उद्योगपतींचा गौरव करण्याचा येथे हेतू नाही. पण माणसाची पारख बोलण्यावरून न करता कामावरून करता येते, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे, हे विसरू नये.

न्यायालयानेही हा प्रश्न हाताळला आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशप्रकरणी, अजय हासिया खटल्यात, सर्वोच्च न्यायालयापुढे तक्रार आली की मुलाखती दोन-तीन मिनिटांत उरकल्या गेल्या आणि प्रश्न विचारले गेले ते आईबाप कोण, राहता कोठे, असे. लेखी परीक्षेला १०० गुण आणि तोंडी परीक्षेला ५० गुण ही विभागणी न्यायालयाने मनमानीची ठरवली, आणि तोंडी परीक्षेस एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून अधिक वाटा असू नये असे बजावले. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने आपल्या कनिष्ठ पदांसाठी मुलाखतच बंद केली. खाजगी कारखाने आणि कंपन्या मात्र या बंधनांच्या बाहेर आहेत. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न, ठरलेले गुण आणि प्रत्यक्ष कामाची चाचणी, अशी मुलाखत अधिक विश्वसनीय ठरते, हे मानसशास्त्रज्ञांच्या दीर्घ अभ्यासातून दिसून आलेले आहे. कामगार संघटनांनी भरतीच्या वेळी ही मागणी लावून धरली पाहिजे.

काही साथी म्हणतील, मुळात नोकऱ्याच थोड्या आहेत. शंभर मुलांना मुलाखतीत तयार केले तरी जागा दहाच राहणार, मग मालकापुढे नीट बोलायला शिकवणे हे काय चळवळीचे काम? आक्षेप खरा आहे आणि अपुराही आहे. रोजगाराचा लढा या तयारीने संपत नाही. तथापि त्या दहा जागा कोणत्या घरांत जातात, हा प्रश्न समतेचाच आहे. शिवाय जी मुलगी परीक्षकासमोर न घाबरता आपले म्हणणे मांडू शकते, ती उद्या फोरमनसमोर आणि व्यवस्थापनासमोरही मांडू शकेल. भीती एकदा गेली की ती सगळीकडूनच जाते.

काम अवघड नाही. कुपवाड, पलूस, कऱ्हाड, सातारा येथे निवृत्त फिटर, टर्नर, वीज मंडळातले अभियंते, तंत्रनिकेतनांतले शिक्षक आपल्या ओळखीचे आहेत. दर रविवारी दोन तास वाचनालयाची किंवा संघटनेच्या कार्यालयाची खोली उघडावी. तिघांनी प्रश्न विचारावेत, एकाने उत्तरे द्यावीत, बाकीच्यांनी टिपणे घ्यावीत, मग जागा बदलाव्यात. मुलाखतीहून आलेल्या प्रत्येकाने विचारलेले प्रश्न एका वहीत उतरवावेत. ती वही सर्वांची. मुलींसाठी वेळ अशी ठेवावी की शेवटची एस.टी. चुकू नये.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, ते सर्व जातींची मुले एकत्र राहून, कष्ट करून शिकावीत म्हणून. ‘कमवा आणि शिका’ या योजनेने शाळेचे दार या मुलांना उघडून दिले. आता दार आहे ते नोकरीचे. येत्या महिन्यात आपल्या तालुक्यात अशी एक खोली उघडायची, एवढा निर्णय प्रत्येक शाखेने आपल्या पुढील बैठकीत घ्यावा.