चूक झाली तर सांगा ना!

गेल्या वर्षी आमच्या आत्याची वरची दाढ काढली. नंतर चार महिने तिची एकच नाकपुडी वाहत होती. गाल जड, नाकाला घाण वास. सगळे म्हणायचे, सर्दी आहे. गोळ्या चालू. शेवटी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी सीटी स्कॅन करायला लावला. सायनसमध्ये ड्रिलचं तुटलेलं टोक! नाकातून दुर्बीण घालून ते काढावं लागलं.

आता कुणी म्हणेल, डॉक्टरला झोडायला बसलात. तसं नाही. वरच्या मागच्या दाढांची मुळं आणि गालाच्या हाडातली सायनसची पोकळी यांच्यात काही जणांना अगदी पातळ हाड असतं. दाढ काढताना मुळाचा तुकडा, इम्प्लांट लावताना इम्प्लांट, कधी हत्याराचं टोक वर सरकू शकतं. चांगल्या, अनुभवी डॉक्टरांच्या हातूनही हे घडतं. जगभर घडतं. तो अपघात.

पण टोक मोडलं आणि बाहेर आलं नाही, तर ते गेलं कुठे हे बघायला नको? तेव्हाच एक एक्स-रे काढला असता, 'काकू, असं असं झालंय, या डॉक्टरांकडे जा' एवढं सांगितलं असतं, तर चार महिने वाचले असते. आत्या रागावली असती, पण विश्वास राहिला असता. न सांगणं हा अपघात नाही, तो निर्णय आहे. माझा राग त्यावर आहे.

आपणही थोडं शिकायला हवं. वरची दाढ काढायची असेल तर आधी एक्स-रे मागा, 'मूळ सायनसजवळ आहे का' हे विचारा. नंतर एकाच बाजूने घाण वासाचं पाणी येत असेल, पाणी पिताना नाकात जात असेल, तर सर्दी समजून बसू नका. एक्स-रे, बिलं, चिठ्ठ्या जपून ठेवा. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सुप्रीम कोर्टाने १९९५ सालीच सांगितलंय. तक्रारीची मुदत साधारण दोन वर्षं.

आत्या कोर्टात गेली नाही. ती एवढंच म्हणते, "मला सांगायचं तरी होतं रे." डॉक्टर मंडळींनो, तुमचं मत कमेंटमध्ये जरूर लिहा.