चूक टाकसाळीची असावी लागते

शिरवण्याच्या गावठाणात जुनं घर पाडून इमारत उभी राहायला लागली की माळ्यावरची एखादी पेटी हमखास खाली येते. पेटीत सातबाऱ्याचे पिवळे कागद, पितळेची दोन भांडी आणि तळाशी फडक्यात बांधलेली पुरचुंडी. पुरचुंडीत भोकाचे पैसे, ढब्बू, चारदोन राणीछाप रुपये. मला नाण्यांचा नाद आहे हे गावाला ठाऊक आहे, म्हणून ती पुरचुंडी माझ्या ओटीवर सुटते. पूर्वी लोक विचारायचे, "हे कधीचं, भाऊ?" हल्ली विचारतात, "याचे किती लाख येतील?" या दुसऱ्या प्रश्नामागच्या समजुतीशी माझं भांडण आहे.

पूर्वपक्ष आधी नीट मांडतो. जुनं नाणं म्हणजे दुर्मीळ नाणं. त्यावर जे साल, तेच त्याचं जन्मसाल. आणि छाप वेडीवाकडी दिसली की ती टाकसाळीची चूक, म्हणून किंमत शंभरपट. ही तीन विधानं इतक्यांदा कानांवर पडली आहेत की ती कुणाला तपासावीशीच वाटत नाहीत. तिन्ही खोटी आहेत.

सालापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. राणीछाप रुपयावर १८६२ दिसलं की माणूस समजतो, हा १८६२ साली पडला. पण १८६२ हे साल रुपयाच्या ठशावर १८७४ पर्यंत तसंच राहिलं. बारा वर्षं रुपये पडत होते आणि साल हलत नव्हतं. मुंबईच्या टाकसाळीने मात्र या रुपयांच्या मागच्या बाजूला बारीक ठिपके दिले. कुठे एक, कुठे दोन, कुठे जास्त. ब्रिटिश हिंदुस्थानच्या नाण्यांची सूची करणाऱ्या फ्रेड प्रिडमोर यांनी या ठिपक्यांची संगती घडणीच्या वर्षांशी लावली. म्हणजे खरं साल आकड्यांत नसून ठिपक्यांत आहे, आणि ते भिंगाशिवाय दिसत नाही. १८४० च्या रुपयाचंही तेच. ते साल ठेवून पुढे वीसेक वर्षं रुपये पडत राहिले. आधीचा आणि नंतरचा ओळखायचा तो राणीच्या डोक्यावरची अक्षरं सलग जातात की दुभंगतात, यावरून. त्याच्याही आधी ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत पाडलेल्या सुरती रुपयावर बादशहा शाह आलमचं ४६ वं जुलूसवर्ष, म्हणजे गादीवर बसल्यापासून मोजलेलं वर्ष, कायम होतं. शाह आलम १८०६ साली वारला, तरी त्याचं ४६ वं वर्ष काही संपलं नाही.

साल कोणत्या गणनेचं, हा त्याच्याही आधीचा प्रश्न. एका गृहस्थांनी मला ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांचा तांब्याचा पाव आणा दाखवला. त्यावर १९७४. त्यांचा युक्तिवाद असा : १९७४ साली संस्थान कुठे होतं? म्हणजे साल चुकलं, म्हणजे नाणं अनमोल! ते साल विक्रम संवताचं आहे. त्यातून ५७ वजा केले की १९१७ येतं, आणि १९१७ साली ग्वाल्हेरच्या गादीवर माधवरावच होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या पैशावरचं १९४९ असंच १८९२ होतं. नाण्यावर अक्षर मराठी माणसाला कळणारं, आकडा कळणारा, आणि तरी आपण तो इंग्रजी सन म्हणून वाचतो, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

आता दुर्मीळपणा. १९८५ च्या एक रुपयाच्या नाण्यावर सालाखाली इंग्रजी एच दिसतो. तो चुकून पडलेला नाही. तेव्हा नाण्यांची टंचाई होती म्हणून सरकारने परदेशांतून नाणी पाडून आणली; एच ही बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीची खूण. तसाच सालाखालचा चौकट-हिरा मुंबईचा, तारा हैदराबादचा, गोल ठिपका नोएडाचा, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. या खुणा टाकसाळीच्या सह्या आहेत. सही असल्याने नाणं दुर्मीळ होत नाही. दुर्मीळ होतं ते किती पडली आणि किती उरली, यावरून. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया घ्या. राजाच्या झग्यावरचा हत्ती आखूड सोंडेमुळे लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली. सुमारे ९४ लाख रुपये घडवले होते, त्यांतले सातएक लाखच बाहेर गेले, बाकीचे वितळले. पुढच्या साली हत्ती सुधारला. नुसती घडणीची संख्या वाचणारा इथे फसतो.

सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया खरोखर दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच त्याच्या नकला फिरतात. १९३८ च्या रुपयावरचा ८ कोरून ९ केलेला असतो. घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावा : खऱ्या ९ भोवतीची जमीन सपाट असते, कोरलेल्या ९ च्या पोटाशी हत्याराचे ओरखडे दिसतात. दर सहज पटावा असा स्वस्त असेल, तर भिंग दोनदा लावा.

राहिली चूक. इथे माझा पुरावा पुस्तकातला नाही, शिरवण्याचा आहे. आमच्या शेजारच्या काकांनी एमआयडीसीत पॉवर प्रेसवर आयुष्य काढलं. एका मुलाने त्यांना दोन्हीकडे छापाच असलेलं नाणं दाखवलं, काटा नाहीच. काकांनी ते फरशीवर टाकलं, आवाज बद्द आला. मग कडेच्या आत नखाने रेघ शोधली आणि म्हणाले, "लेथवर एक पोकळ करून दुसरं आत बसवलंय, बाळा." त्यांना नाणकशास्त्र येत नव्हतं, पण ठसा, चकती आणि कडं ही तीन माणसं ते ओळखत होते. खरी चूक या तिघांतूनच जन्मते. बाजारात जिला लखी म्हणतात ती अशी : छापलेलं नाणं ठशाला चिकटून राहतं, पुढची चकती त्यावर येऊन दाबली जाते, आणि तिच्या एका बाजूला आधीच्या नाण्याचं चित्र उलटं, खोलगट उमटतं. चकती कड्यात नीट बसली नाही तर छाप एकीकडे सरकते. पण रुळावर चपटं केलेलं, शेगडीत काळं पडलेलं, पकडीत दाबलेलं नाणं हे टाकसाळीबाहेर जखमी झालेलं नाणं. त्याला चूक म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

दुसऱ्या बाजूच्या विद्वानांनाही उत्तर द्यायला हवं. ते म्हणतात, ठिपके आणि खुणा मोजणं हा पोरखेळ. इतिहास राजांत, तहांत आणि लढायांत असतो. मला हे मुळीच मान्य नाही. कोणत्या वर्षी कोणत्या टाकसाळीत किती चांदी लोकांच्या हातात गेली, हे नाण्यावर लिहिलेलं आहे आणि ते वाचायला ठिपकेच मोजावे लागतात. आपल्या गावगाड्यात नाणं पारखणारा पोतदार हा हक्काचा माणूस होता. बंदा रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, सोनाराच्या काट्यावर तो वजन म्हणून चालला. अशा धातूच्या पुराव्याला हलकं लेखणारा इतिहास अर्धाच लिहिला जाईल.

आणि लाखांच्या जाहिरातींबद्दल सरळ सांगतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं की जुन्या नाण्यानोटांच्या असल्या खरेदी-विक्रीत ती नाही आणि ती कुणाकडून शुल्क किंवा कमिशन मागत नाही. बँकेच्या नावाने आधी पैसे भरायला सांगणारा माणूस चोर आहे.

यंदा लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आईच्या डब्यातला राणीछाप रुपया काढाल, तेव्हा तो चिंचेने, रांगोळीने, पितांबरीने घासू नका. घासण्यात पहिले जातात ते बारीक ठिपके. कोमट पाण्यातून काढा, मऊ फडक्याने टिपा, आणि पाटावर मांडण्याआधी मागची बाजू भिंगाखाली धरून ठिपके मोजा.