कुऱ्हाडीचा दांडा

जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर थोडा वेळ रेंगाळायची आपल्याकडे रीतच आहे. सलाम-दुआ होते, कोणाची तब्येत, कोणाचं लग्न, कोणाचा मुलगा दुबईहून आला, सगळं तिथेच कळतं. गेले काही महिने आमच्या लक्षात आलं, की आमचा एक जुना विद्यार्थी या पायऱ्यांवर कधी दिसत नाही. नमाजला येतो, पण शेवटच्या सफमध्ये, दाराजवळ उभा राहतो. इमामसाहेबांनी सलाम फिरवला, की दुआ संपायच्या आत चपला घालून निघून जातो.

एकदा आम्ही मुद्दाम मागोमाग गेलो आणि त्याला गल्लीच्या कोपऱ्यावर गाठलं. म्हणाला, "सर, पायऱ्यांवर थांबलं की सगळे एकच विचारतात, 'कुछ हुआ क्या?' उत्तर मागच्या जुम्म्याचंच असतं. ते किती वेळा द्यायचं?"

आम्ही गप्प झालो. कारण त्याच्या सलामचा जवाब देता देता आमच्याही ओठांवर तोच प्रश्न आला होता.

हा मुलगा आळशी नाही, वाया गेलेला नाही. शाळेत असताना भूमितीचं प्रमेय फळ्यावर असं मांडायचा की मागच्या बाकावरच्या मुलांनाही कळायचं. "तू शिक्षक हो," असं त्याला सांगणारे आम्हीच. बी.एस्सी. झाल्यावर बी.एड.चा रस्ता दाखवणारेही आम्हीच. शिक्षकाची नोकरी म्हणजे इज्जतीची रोटी, असं आम्ही त्याच्या घरी बसून, चहा पिता पिता सांगितलं होतं. आमच्या शब्दावर त्याच्या अम्मीने हातातल्या बांगड्या मोडल्या. २०१२ नंतर राज्यात शिक्षक भरतीला लगाम लागला होता, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण आज ना उद्या सुरळीत होईल, असं आपण सगळेच धरून चाललो होतो. आम्हाला मिळाली तशी पुढच्यांनाही मिळेल, हा नोकरीत बसलेल्या माणसाचा भाबडेपणा असतो. त्याची किंमत मात्र दुसऱ्याच्या घरातून वसूल होते.

त्याचा हिशेब ऐका. २०१७ साली बी.एड. झाला. शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, पास झाला. पण टीईटी पास होणं म्हणजे नोकरी नव्हे, फक्त रांगेत उभं राहायची परवानगी. पुढे दुसरी परीक्षा असते, अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी. दोनशे गुणांची. त्या गुणांवर 'पवित्र' नावाच्या सरकारी पोर्टलवरून निवड होते. ही चाचणी पहिल्यांदा झाली २०१७च्या डिसेंबरमध्ये आणि तिची निवड यादी लागली २०१९च्या ऑगस्टमध्ये. त्यात त्याचं नाव नव्हतं. दुसरी चाचणी झाली थेट २०२३ साली. मधली पाच वर्षं तेवीस वर्षांच्या पोराला अठ्ठावीसचा करून गेली. तिसरी झाली २०२५च्या मे-जूनमध्ये. आणि एवढं करून निवड झालीच, तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढायची. प्राथमिकला ते महिना सोळा हजार आहे. तेही २०२३ साली वाढलं, त्याआधी सहा हजार होतं.

शेजारपाजारच्यांना यातलं काही ठाऊक नसतं. त्यांना एवढंच दिसतं, की अमक्याचा मुलगा आठ वर्षं झाली, अजून घरीच आहे. खरं तर तो घरी नसतोच. सकाळी एका विनाअनुदानित शाळेत शिकवतो, संध्याकाळी शिकवण्या घेतो, रात्री अभ्यास करतो. पण पगाराची स्लिप नाही, म्हणून ते काम कोणी कामात धरत नाही. वलीम्याच्या दस्तरखानावर कोणी खाला सहज म्हणून जाते, "माझ्या जावेच्या मुलाला तर कॉलेजातूनच कंपनीने उचललं." बोलणारी विसरते. ऐकणारा पुढच्या वलीम्याला येत नाही.

मुलींची गोष्ट आणखी वेगळी. आपल्या मोहल्ल्यांतून उर्दू माध्यमात डी.एड., बी.एड. झालेल्या कितीतरी मुली आहेत. त्यांच्या शोधाला कोणी शोध म्हणतच नाही. "लग्न होईपर्यंत बघेल काहीतरी," असं म्हणतात. मुलाखत दुसऱ्या तालुक्यात निघाली, तर सोबत कोण जाणार यावर घरात आठवडाभर चर्चा होते आणि तारीख निघून जाते. निकाहनंतर कागदपत्रांवर एक नाव माहेरचं, एक सासरचं. पडताळणीच्या टेबलावर तीच मुलगी दोन वेगळ्या बाया ठरते.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला हात जड होतो आहे, पण लिहिलं पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी त्या मुलाला एका संस्थेतून बोलावणं आलं. संस्था आपल्याच लोकांची. दाराशी बिस्मिल्लाह कोरलेलं, कार्यालयात काबाशरीफची तसबीर. त्याने पायथागोरसच्या प्रमेयावर पाठ तयार केला, कापडाच्या पिशवीत पुठ्ठ्याचे त्रिकोण घेऊन गेला. आत चौघे बसले होते. गणितातला एकही प्रश्न आला नाही. एकाने विचारलं, "तयारी किती आहे?" हा भाबडेपणाने म्हणाला, "सर, पाठ पूर्ण तयार आहे." चौघे हसले. मग बाहेर आलेल्या शिपायाने त्याला समजावलं, कोणत्या तयारीबद्दल विचारत होते ते. जो आकडा सांगितला, त्यात आमच्या गावात दोन खोल्यांचं घर येतं. आकड्याचं नाव होतं, इमारत निधी.

पुठ्ठ्याचे त्रिकोण तो घरी घेऊन आला. अम्मीला एवढंच म्हणाला, "जागा भरली होती."

मराठीत एक म्हण आहे, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. कुऱ्हाडीचं पातं लोखंडाचं, परकं. पण झाडावर घाव बसतो तो झाडाच्याच लाकडाचा दांडा त्यात घातल्यामुळे. आपल्याला बाहेर भेदभाव सोसावा लागतो, आडनाव वाचून अर्ज बाजूला पडतो, अशी तक्रार आपण करतो आणि ती पुष्कळदा खरीही असते. पण आपल्या संस्थेच्या दारातून आपलाच लेकरू रिकाम्या हाताने परत जातो, तेव्हा तक्रार कोणाकडे न्यायची? अल्पसंख्याक संस्थांना आपला कारभार आपण चालवायचा हक्क संविधानाच्या कलम ३०ने दिला. तो हक्क कौमची अमानत आहे, विकायची खुर्ची नव्हे. लाच देणारा आणि घेणारा या दोघांवरही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी लानत केली आहे. 'डोनेशन' असं नाव बदलल्याने ती हलाल होत नाही.

कामावर कोणाला ठेवावं याची कसोटी तर पवित्र कुरआनने केव्हाच सांगून ठेवली आहे. सूरह अल-कससमध्ये हजरत मूसा (अ.) मदयनला पोचतात तेव्हा त्यांच्याकडे ना घर आहे, ना काम. विहिरीवर ताटकळलेल्या दोन बहिणींच्या जनावरांना ते पाणी पाजतात आणि सावलीत जाऊन आपली गरज अल्लाहपुढे मांडतात. पुढे त्यातलीच एक बहीण वडिलांना सुचवते, की यांना कामावर ठेवा. आणि कारणं दोनच देते, अंगात ताकद आहे आणि माणूस विश्वासू आहे. कुवत आणि अमानत. तिसरी कसोटी नाही. आणखी एक गोष्ट पाहा. एवढ्या थोर पैगंबरांनाही गरज पडली होती, त्यांनाही कोणीतरी चांगला शब्द टाकावा लागला होता. बेकार असणं हा गुन्हा नाही आणि ईमानची कमजोरीही नाही.

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात एक प्रसंग येतो. एक अन्सारी माणूस प्रेषितांकडे (स.) मागायला आला. त्यांनी विचारलं, घरात काही आहे का? एक कांबळं आणि पाणी प्यायचं एक भांडं, एवढंच होतं. ते मागवून त्यांनी तिथल्या तिथे लिलाव केला. दोन दिरहम आले. एका दिरहमचं घरी खायला घेऊन जा, दुसऱ्याची कुऱ्हाड आण, असं सांगितलं. त्याने आणलेल्या कुऱ्हाडीच्या पात्याला प्रेषितांनी (स.) स्वतःच्या हाताने दांडा बसवून दिला. जंगलात जा, लाकडं तोडून वीक, पंधरा दिवस मला दिसू नकोस, म्हणाले. तो परत आला तेव्हा त्याच्याकडे दहा दिरहम होते.

हा प्रसंग आपण मेहनतीचं महत्त्व सांगायला नेहमी वापरतो. "जा, लाकडं तोड," एवढंच तरुणांना ऐकवतो. दांडा कोणी बसवून दिला, ते मात्र सोडून देतो. उपदेश करण्याआधी त्यांनी त्याच्या घरी किती सामान आहे ते विचारलं, भांडवल उभं करून दिलं, त्याच्या पोराबाळांच्या जेवणाची सोय आधी केली, हत्यार हातात तयार करून दिलं. आणि मग पंधरा दिवस त्याला एकदाही विचारलं नाही, "कुछ हुआ क्या?"

आपल्याला बसवता येतील असे दांडे पुष्कळ आहेत.

पहिला कागदपत्रांचा. एका दाखल्यावर शेख, दुसऱ्यावर शैख, आधार कार्डावर वडिलांचं नाव तिसऱ्याच स्पेलिंगचं. ही दुरुस्ती अर्जाच्या आदल्या रात्री होत नाही. राजपत्रात नाव बदलायला वेळ लागतो. मोमीन, पिंजारी, तांबोळी, बागवान अशा कितीतरी बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. मग चुलत आजोबा, महसूल खात्याच्या जुन्या नोंदी धुंडाळाव्या लागतात. जात वैधता त्याच्याही पुढची पायरी. ज्यांची बिरादरी यादीत नाही आणि घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांच्यासाठी २०१९पासून आर्थिक दुर्बल घटकाचं दहा टक्के आरक्षण आहे; त्याचा दाखला अनेक घरांत काढलेलाच नाही. प्रत्येक मोहल्ल्यात निवृत्त तलाठी, कारकून, हेडमास्तर असतात. मशिदीच्या एका खोलीत इतवारी दोन तास ते बसले, तर कितीतरी मुलांचं वर्ष वाचेल.

दुसरा दांडा घराचा. मुलाला, मुलीला परीक्षेसाठी अमुक इतकी वर्षं असं एकत्र बसून ठरवा आणि तेवढी वर्षं टोमणा न मारता द्या. सोबत दुसरी वाटही चालू ठेवा. बँक, टपाल, खासगी क्लास, दुकान, काहीही. ती वाट पकडली तर 'हरला' म्हणू नका. पहिला पगार सात हजार असो की सत्तर, अम्मीच्या हातावर ठेवला की त्याला सारखीच बरकत असते.

तिसरा दांडा संस्थांचा. पदाधिकाऱ्यांना आम्ही काय सांगणार? एवढंच, की पुढच्या मुलाखतीला उमेदवाराच्या हातात खडू द्या आणि मागच्या बाकावर स्वतः बसा. तयारी किती आहे ते आपोआप कळेल.

आमच्यापुरतं सांगायचं, तर नववी-दहावीच्या मुलांना आता करिअरविषयी बोलताना भरतीच्या तारखाही आम्ही सांगतो. दोन भरत्यांमध्ये किती वर्षं गेली, तेही फळ्यावर लिहितो. हे आम्ही आठ-दहा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

गेल्या जुम्म्याला तो निघायच्या आत आम्ही दाराशी जाऊन उभे राहिलो. काही विचारलं नाही. "चहा घेऊ," एवढंच म्हटलं. टपरीवर दहा मिनिटं तो शाळेतल्या एका मुलाविषयी बोलत होता, ज्याला अपूर्णांक कळत नव्हते आणि परवा अचानक कळले. बोलताना त्याच्या हाताची बोटं हवेत भाकरीचे तुकडे करत होती. नोकरीचा विषय त्यानेच काढला, अगदी शेवटी. "सर, आजोबांच्या दाखल्याचं काही होईल का? तुमच्या ओळखीचे ते तलाठीसाहेब..."

सोमवारी आम्ही दोघे त्यांच्याकडे जाणार आहोत. होईल की नाही, अल्लाहला ठाऊक. जुन्या नोंदी शोधायला मात्र दोन माणसं असतील.

अल्लाह आपल्या मुलामुलींना हलाल रोजी देवो, आणि त्यांच्या कुऱ्हाडीला दांडा बसवून देण्याची तौफीक आपल्याला देवो. आमीन.