पाण्याखालची मास्तरकी

मुलाने वैद्यक घ्यावे की अभियांत्रिकी, असा सल्ला विचारणाऱ्या पालकांना उत्तर देणे आम्हांला आता अंगवळणी पडले आहे. परंतु "मुलगा स्कूबा डायव्हिंगचा प्रशिक्षक होऊ म्हणतो, त्याला जाऊ द्यावे काय?" असा प्रश्न अलीकडे आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी केला, तेव्हा आम्हांस सवड मागून घ्यावी लागली. मुलगा वाणिज्य शाखेचा पदवीधर, घरात बचत बेताची, आणि आईचा या गोष्टीस साफ विरोध. गोमंतकाच्या किनाऱ्यावर आता अशी घरे एकदोनच असतील असे नाही. म्हणून चौकशीअंती जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

'स्कूबा' हे इंग्रजी आद्याक्षरांचे बनलेले नाव. अर्थ, पाण्याखाली श्वास घेण्याचे स्वयंपूर्ण उपकरण. पाठीवर दाबाखालील हवेचे नळकांडे आणि श्वासागणिक हवी तेवढीच हवा देणारी झडप, ही आजची मांडणी फ्रान्समध्ये १९४३ साली कूस्तो आणि गान्यां या दोघांनी सिद्ध केली. आपल्या भाषेत पाणबुड्या हा शब्द जुनाच आहे. गंमत अशी, की जुना पाणबुड्या दम कोंडून बुडी मारी. नव्या पाणबुड्याला पहिला धडा मिळतो तो दम कधीही न कोंडण्याचा. कारण शाळेत शिकविला जाणारा बॉइलचा नियम. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे छातीत भरून घेतलेली हवा श्वास रोखून वर आणली, तर ती दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुस काही फुगा नव्हे. वर येण्याची घाई केल्यास रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, ते दुखणे निराळेच. आईची भीती अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. मात्र हे धोके नियमांनी आवाक्यात ठेवता येतात, आणि ते नियम दुसऱ्याच्या अंगी बाणवणे हाच प्रशिक्षकाचा व्यवसाय आहे.

या विद्येच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. पाडी ही १९६६ साली अमेरिकेत निघालेली संस्था आपल्याकडे विशेष चालते. तिची रीत सांगतो. पहिल्या वर्गात अठरा मीटरपर्यंत उतरण्याची योग्यता मिळते, दुसऱ्यात तीस मीटरपर्यंत. तिसरा वर्ग संकटातील सोबत्याला वाचविण्याचा. त्यापुढे डायव्हमास्टर, म्हणजे पाण्यातील वाटाड्या. त्यास वयाची अठरा वर्षे पूर्ण हवीत. मग प्रशिक्षकाचा वर्ग आणि त्याची परीक्षा. परीक्षेस बसणाऱ्याच्या नोंदवहीत किमान शंभर बुड्या असाव्या लागतात. ही परीक्षा आम्हांस फार आवडली. ती शिकविणारा घेत नाही. संस्था आपला परीक्षक पाठविते. आमच्या बी.एड.च्या पाठांसारखेच तेथे पाठ द्यावे लागतात, आणि विद्यार्थी झालेले सहउमेदवार सांगितल्याप्रमाणे मुद्दाम चुका करतात. ती चूक उमेदवाराच्या डोळ्यांस दिसते की नाही, हे पाहिले जाते. आमच्या वर्गात नजरेतून सुटलेली चूक दुसऱ्या दिवशी फळ्यावर दुरुस्त करता येते. पाण्याखाली दुसरा दिवस मिळेलच असे नाही.

आता निवड. अगदी नवख्याला काही महिन्यांत प्रशिक्षक करून देणाऱ्या योजनांच्या जाहिराती असतात. त्या नियमाबाहेरच्या असतात असे नाही. पण पहिले प्रमाणपत्र मिळाल्यापासून सहा महिने जावेच लागतात, आणि शंभर हा आकडा किमान आहे, पुरेसा नव्हे. त्या शंभरही बुड्या एकाच उथळ, संथ जागी घेतल्या, तर एकच धडा शंभर वेळा गिरविल्यासारखे होते. गोव्याच्या ग्रँड बेटाजवळ पाणी बरेचदा गढूळ असते, मुरुडेश्वराजवळच्या नेत्राणीस त्याहून निवळ, अंदमानात आणखी निराळे. तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने उभारलेली प्रशिक्षण संस्था आहे. कोकणाशी नाते असलेल्या घरांना ती जवळची. पैशांऐवजी काम करून शिकण्याची सोयही काही ठिकाणी असते. ती वाईट नव्हे, परंतु दिवसातून किती वेळ नळकांडी उचलावयाची आणि किती वेळ प्रत्यक्ष शिकावयाचे, हे आधी लेखी घ्यावे. आमच्या मते केंद्राच्या नावापेक्षा शिकविणारा कोण, आणि तो एका वेळी किती शिष्यांना पाण्यात नेतो, हे विचारणे अधिक मोलाचे.

खर्चाचा हिशेब मांडताना प्रमाणपत्राशी थांबू नये. उपकरणे, विमा, आणि शिकविण्याचा अधिकार चालू ठेवण्यासाठी दरवर्षीची वर्गणी, हे सारे पुढे आहेच. शिवाय आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात हे काम बंद असते. त्या चार महिन्यांत घर कशावर चालणार, हा प्रश्न वडिलांनी जरूर विचारावा. अनेक प्रशिक्षक तेवढ्यापुरते दुसरीकडे जातात. वाणिज्य शिकलेला मुलगा केंद्राचे जमाखर्चही पाहू शकेल.

आणि पहिला रुपया भरण्याआधी डॉक्टरांकडे जावे. कान, नाक, छाती तपासून घ्यावी, दमा असल्यास तो लपवू नये. मग समुद्र निवळल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात केवळ पहिला वर्ग करावा. तो तीनचार दिवसांत संपतो, आणि पुढची पायरी चढावयाची की नाही, हे मुलाला पाण्यातच कळते.