जनावरांची सांथ व शेतकऱ्याचा हिशेब

आमच्या सोलापूर जिल्ह्यांत पावसाचा भरंवसा नाहीं. ज्वारी बुडाली म्हणजे घर चालतें तें दावणीवर. दुधाच्या पैशांवर मीठमिरची निघते. आणि लग्न निघालें किंवा आजारपण आलें, कीं सांगोल्याच्या रविवारच्या बाजारांत खिल्लारी खोंड उभा करावा लागतो. सावकाराची तिजोरी लोखंडाची, आमची हाडामांसाची. तिला रोग लागतो, म्हणून हे चार शब्द.

सन २०२२ च्या ऑगस्टांत जळगांव जिल्ह्यांतील चिनावल गांवीं लंपी रोग दिसला, आणि पाहतां पाहतां तो राज्यभर पसरला. आमचा जिल्हाही सुटला नाहीं. जनावरांचे बाजार बंद झाले. मेलेल्या गाईबद्दल ३०,०००, बैलाबद्दल २५,००० व वासराबद्दल १६,००० रुपये देण्याचें सरकारनें ठरविलें. परंतु या रोगांत बहुतेक जनावरें मरत नाहींत, जगतात. आणि खरी बुडवणूक तेथेंच आहे. गाईचें दूध आटतें, गाभण असली तर ती गाभडते, बैलाचे पाय सुजतात व ऐन पेरणींत तो खांद्यावर जूं घेत नाहीं. बैल बसला कीं सुताराचें औत बसतें, नालबंदाची पत्री बसते. मेलेल्या जनावराची भरपाई मिळाली, तरी आटलेल्या दुधाची व हुकलेल्या पेरणीची कोण देणार?

पूर्वीं पटकीची सांथ आली म्हणजे लोक मरीआईचा गाडा ओढून शेजारच्या गांवाच्या शिवेंत नेऊन सोडीत. तें गांव तो पुढच्या शिवेंत ढकली. गाडा फिरे, रोग जाईना. आज अंगावर गांठ दिसतांच जनावर घाईघाईनें बाजारांत उभें करणारा मनुष्य तोच गाडा ढकलीत असतो. त्याचे कांहीं हजार वांचतात, दहा गोठे बुडतात. आणि माशी व गोचीड कोणाचीही शीव मानीत नसल्यानें रोग फिरून त्याच्याच दारीं येतो.

पण अशा मनुष्यास पापी म्हणून आम्ही मोकळे होणार नाहीं. सन २००९ च्या कायद्यानें रोगाची खबर देणें मालकावर बंधनकारक आहे. मात्र जो खबर देतो त्याच्या गोठ्यावर बंदी येते, शेजारी त्याच्या दुधाकडे संशयानें पाहतात, आणि भरपाईसाठीं त्यास कचेरीचे उंबरठे झिजवावे लागतात. जो लपवितो, त्याच्या हातीं रोकडे पैसे! जेथें खरें बोलणें महाग व लबाडी स्वस्त, तेथें कोरडा उपदेश कोण ऐकेल? खरें बोलणें स्वस्त करणें, हें सरकारचें काम आहे.

आमच्या हातीं जें आहे तें मात्र आम्हींच केलें पाहिजे. विकत आणलेलें जनावर तीन आठवडे निराळें बांधावें. खर्च एका दाव्याचा व एका बादलीचा. गोचीड काढावे, शेणमूत सांचूं देऊं नये. टोंचणीचा गुण अंगांत यावयास सुमारें तीन आठवडे लागतात. शेजारीं सांथ आल्यावर धांवणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय. लाळ्या-खुरकुताची टोंचणी तर सरकारी खर्चानें होते. ती चुकवूं नये. बुळकांडी एके काळीं गोठेच्या गोठे ओस पाडीत असे. तो रोग २०११ सालीं सर्व जगांतून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. नवसानें नव्हे, टोंचणीनें व रोगाचा माग घेतल्यानें!

जनावराच्या सुखाची काळजी म्हणजे भरल्या पोटाच्या लोकांची हौस, असें कित्येकांस वाटतें. तो हिशेबच चुकीचा आहे. उन्हांत जखडलेल्या व दोन वेळांच पाणी मिळणाऱ्या गाईवर दूध चोरल्याचा आळ कशाला? पाण्यावांचून तें यावें कोठून? थोडी सावली, कोरडी जागा, तारेचें कुंपण व हवें तेव्हां पाणी, एवढ्यावर मुक्त गोठा उभा राहतो. मजुरी वांचते, दूध वाढतें, जनावर रोगास तोंड देतें. कायद्यानें एका मालमोटारींत सहांहून अधिक गुरें नेतां येत नाहींत. कोंबून नेलेला बैल बाजारांत लंगडत उतरला, तर वांचविलेलें भाडें किंमतींत जातें.

बाजार समित्या जनावरांच्या बाजारांत फी घेतात. त्या पैशांतून फाटकावर डॉक्टराची तपासणी, सावली, पाणी व गाड्या धुण्याची सोय झालीच पाहिजे. सरकारनें भरपाई गोठ्याच्या दारीं व महिन्याच्या आंत द्यावी. खबर देणाऱ्याचें दूध आटलें, तर त्याचाही कांहीं भाग सोसावा. आणखी एक गोष्ट: गाईनें वैरण सोडली, हें घरांत पहिल्यानें बाईस कळतें. टोंचणीची व रोगाची माहिती तिला दिली पाहिजे, नुसती चावडीवर नव्हे.

शेतकरी बंधूंनो, आपला गोठा एकट्याचा, पण सांथ सगळ्यांची. आज शेजाऱ्याच्या शिवेंत ढकललेला गाडा उद्यां आपल्याच वेशींत येणार. तो जेथें दिसेल तेथेंच अडवा, आणि अडविणाऱ्याचें नुकसान गांवानें व सरकारनें वांटून घ्यावें, असा आग्रह धरा.