साथीचा रोग पत्ता विचारून येतो का?

साथ आली की बोटं दाखवायला सुरुवात होते. ‘त्या वस्तीतले लोक स्वच्छताच पाळत नाहीत’, ‘बाहेरून आलेल्यांनी रोग आणला’, असे मेसेज फॅमिली ग्रुपवर फिरायला वेळ लागत नाही. पण एकाच शहरात, एकाच महिन्यात, रस्त्याच्या अलीकडे रोग कमी आणि पलीकडे जास्त, असं का होतं? लोकांच्या सवयींइतकंच, किंबहुना जास्तच, उत्तर त्यांच्या घरांच्या रचनेत असतं. मुंबईने हे दोनदा अनुभवलं आहे.

चाळ, गोदाम आणि उंदीर

सप्टेंबर १८९६ मध्ये मूळ गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या प्लेगचं निदान केलं. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली वस्ती. तिथे धान्याची गोदामं होती, गोदामांत उंदीर होते आणि आजूबाजूला दाटीवाटीच्या चाळी. उंदरांच्या अंगावरच्या पिसवा प्लेग माणसापर्यंत आणतात, हे तेव्हा कळलेलं नव्हतं. सरकारने गटारं धुतली, घरांत जंतुनाशकं मारली. तोवर घाबरलेले लाखो लोक मुंबई सोडून निघाले होते.

प्लेग पुण्यातही पोहोचला. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचं निधन झालं.

१८९८ मध्ये सरकारने ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन केला. कोंदट भागांत समुद्राचा वारा यावा म्हणून दाट वस्त्यांमधून रुंद रस्ते काढले गेले. प्रिन्सेस स्ट्रीट आणि तेव्हाचा सँडहर्स्ट रोड त्यातलेच. पुढे दादर-माटुंगा भागात मोकळ्या जागा सोडून नव्या वसाहती आखल्या गेल्या. आजही पारशी कॉलनीतून चालताना रुंद रस्ते, झाडं आणि बागा दिसतात, त्या या आखणीमुळे.

पण जुनी घरं जितक्या झपाट्याने पाडली, तितक्या झपाट्याने गरिबांसाठी नवी बांधली गेली नाहीत. बेघर झालेली कुटुंबं शेजारच्या चाळींत शिरली आणि तिथली गर्दी आणखी वाढली.

२०२० चा हिशेब

आता सव्वाशे वर्षं पुढे येऊया. जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर यांनी माटुंगा, चेंबूर आणि दहिसर या तीन विभागांत लोकांच्या रक्ताची तपासणी केली. झोपडपट्टीत दर १०० पैकी सुमारे ५७ जणांच्या रक्तात कोरोनाच्या अँटीबॉडीज सापडल्या. त्याच विभागांतल्या इमारतींमध्ये हे प्रमाण साधारण १६ होतं.

विभाग तेच, लॉकडाऊनचे नियमही तेच. फरक होता तो दाटीचा आणि सामायिक सोयींचा. सार्वजनिक शौचालय आणि पाण्याचा नळ अनेक कुटुंबांत एकच असेल, तर ‘घरीच राहा’ हा सल्ला पाळायचा कसा? दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा जण राहत असतील, तर आजारी माणसाने वेगळं झोपायचं कुठे?

धारावीत नेमका हाच प्रश्न ओळखून काम झालं. घरात वेगळं राहायला जागा नाही हे गृहीत धरून शाळा आणि हॉलमध्ये विलगीकरणाची सोय केली. सार्वजनिक शौचालयांचं वारंवार निर्जंतुकीकरण केलं. घरोघरी जाऊन आणि कॅम्प लावून ताप तपासला.

माणसं कोण, हेही महत्त्वाचं

वस्तीत राहणाऱ्यांचं वय, काम आणि घरातल्या माणसांची संख्या यांनीही साथीचं रूप बदलतं. कोरोनाचा धोका वयाबरोबर वाढत जातो. त्यामुळे तरुण लोकसंख्येच्या वस्तीत लागण खूप झाली तरी गंभीर रुग्णांचं प्रमाण कमी राहू शकतं, आणि जिथे आजी-आजोबा जास्त, तिथे थोड्या लागणीतही चिंता मोठी. गोवरात हेच उलटं. तिथे लहान मुलं जास्त आणि लसीकरण अपुरं असेल, तर रोग झपाट्याने पसरतो. २०२२ मध्ये गोवंडीत ते दिसलं. आणि ज्यांचं काम घरी बसून होत नाही, त्या घरकाम करणाऱ्या ताई, डिलिव्हरी करणारे, बांधकाम मजूर यांना साथीतही गर्दीतून जावंच लागतं.

प्रत्येक रोगाची वाटही वेगळी. टीबीला कोंदट, बंद खोली सोयीची. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, म्हणून तो चकचकीत टॉवरमधल्या कुंड्यांच्या ताटल्यांतही सापडतो. जिथे नळाला तासभरच पाणी येतं, तिथे पिंप भरून ठेवण्यावाचून इलाज नसतो आणि त्यातही तो सुखाने वाढतो.

मग आपण काय करायचं?

भाड्याचं घर बघताना समोरासमोर खिडक्या आहेत का ते बघा. वारा आरपार खेळला पाहिजे. पाण्याची पिंपं झाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा. मुलांच्या लसींचं कार्ड तपासा. कामाला येणाऱ्या ताईंना ताप असेल, तर पगार न कापता सुट्टी द्या, कारण पैसे कापले जाणार असतील तर त्या ताप अंगावर काढून येतीलच.

आणि निवडणुकीच्या वेळी उमेदवार दारात आला, तर रस्त्यांसोबत आणखी तीन गोष्टी विचारा: आपल्या वॉर्डात किती घरांमागे एक शौचालय आहे, पाणी किती तास येतं आणि नव्या बांधकामात दोन इमारतींमध्ये किती अंतर सोडलं जातं. पुढची साथ आपल्या भागात कशी पसरेल, हे बऱ्याच अंशी या तीन उत्तरांवर ठरणार आहे.