पिशवी काढण्याआधी

‘अंगावरून पांढरं जातंय’ म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ असं सांगितलं, की ती मुकादमाकडून उचल घेऊन ऑपरेशन करून मोकळी होते. बीडच्या ऊसतोड बायकांच्या तोंडून हे वारंवार ऐकायला मिळालं. 2019 मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत तिथल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यांतल्या कितीतरी जणींनी चाळिशीही गाठलेली नव्हती.

संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. पिशवीच्या तोंडाच्या ज्या कॅन्सरची ही धास्ती घातली जाते, तो वेळीच हेरण्याची वाट शेजारच्याच जिल्ह्यात सापडली होती. 1999 पासून धाराशिवच्या (तेव्हाच्या उस्मानाबादच्या) गावांमध्ये टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने आंतरराष्ट्रीय संशोधकांसोबत 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांवर बायकांचा अभ्यास केला. एका गटाची एचपीव्ही विषाणूची चाचणी झाली, तीही आयुष्यात एकदाच. आठ वर्षांत त्या 34 हजार जणींपैकी 34 जणी या कॅन्सरने दगावल्या. नेहमीच्याच आरोग्यसेवेवर सोडलेल्या सुमारे 31 हजारांच्या गटात हा आकडा 64 होता. 2009 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर त्यांचा आधार घेतला गेला. (दुसऱ्या गटाला चाचणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे वादही झाला, तो रास्तच होता.)

गर्भाशयमुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा हा कॅन्सर जवळपास नेहमी एचपीव्हीमुळे होतो. संसर्ग बहुतेकींच्या शरीरातून आपोआप जातो. काही जणींमध्ये तो ठाण मांडतो आणि पेशी बिघडत कॅन्सर व्हायला साधारण दहा-वीस वर्षं जातात. एवढा अवधी देणारे कॅन्सर फार थोडे. बिघाड या टप्प्यावर सापडला, तर अनेकदा तेवढाच भाग गोठवून किंवा उष्णतेने जाळून टाकता येतो. पिशवी जागच्या जागी राहते.

पण या काळात दुखत-खुपत काहीच नाही, म्हणून लक्षणांची वाट पाहण्यात अर्थ नसतो. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग लागणं, पाळी गेल्यानंतर पुन्हा लाल दिसणं, घाण वासाचं किंवा रक्तमिश्रित पाणी जाणं, यांतलं काहीही झालं तर लगेच तपासून घ्यावं. कंबर-ओटीपोटाचं न थांबणारं दुखणं आणि पायाला सूज ही बरीचशी उशिराची चिन्हं. नुसतं पांढरं जाणं मात्र बहुतेक वेळा नैसर्गिक किंवा साध्या संसर्गाचं असतं आणि संसर्ग असला तर तो औषधांनी बरा होतो.

कॅन्सर झालाच, तर सुरुवातीला शस्त्रक्रिया पुरते. आसपास पसरलेला असेल तर किरणोपचार, सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध आणि आतून दिले जाणारे किरण. तपासणी न करता घाईने पिशवी काढली आणि नंतर आत कॅन्सर निघाला, तर ते साधं ऑपरेशन सहसा अपुरं ठरतं आणि पुढचे उपचार अवघड होऊन बसतात.

एवढं ठाऊक असूनही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात 30 ते 49 वयाच्या शंभर बायकांमागे जेमतेम दोघींची ही तपासणी कधीतरी झाली होती. एचपीव्हीवरची लस तर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येच तयार होते. ती मुलींना मिळायलाच हवी, पण आज पस्तिशीत असलेल्या त्यांच्या आयांना तिचा फारसा उपयोग नाही. त्यांच्यासाठी चाचणीच हवी. एचपीव्हीचा नमुना बाईला स्वतःलाही घेता येतो, त्यामुळे टेबलावर झोपून तपासून घेण्याची लाज आड येत नाही. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. आशाताईंनी पावसाळ्यातच नमुने गोळा करावेत आणि दोष निघालेल्या बाईवर ट्रक हलण्याआधी तालुक्यातच उपचार व्हावेत, एवढी जबाबदारी आरोग्य खात्याने लेखी घ्यावी.